बरणी धरायची कोणी?

समजा, तुम्ही रस्त्याने आपल्या वाटेने चालला आहात. एक अनोळखी माणूस येतो, तुमचा हात धरतो आणि म्हणतो, "माझ्या चपला किती छान आहेत ते जरा चार लोकांना ओरडून सांगा ना!" तुम्ही काय कराल? हात सोडवून घ्याल आणि चालू लागाल. पिशवीवालीला ती सोय नव्हती. तिच्याकडे असे हात सकाळपासून संध्याकाळपर्यंत येत, आणि ते सोडवत बसणं हे तिने आपणहून गळ्यात घेतलेलं काम होतं.

ती घरीच मशीनवर कापडी पिशव्या शिवून ऑनलाइन विकायची. घरबसल्या धंदा करणाऱ्यांचा एक मोठा ऑनलाइन ग्रुप होता, आणि तो ती आणि तिची मैत्रीण साबणवाली अशा दोघी मिळून सांभाळायच्या. फोटो कसा काढावा, पार्सल वाटेत फुटू नये म्हणून काय करावं, जाहिरात कधी टाकावी, अशा कामाच्या गप्पा तिथे चालाव्यात एवढीच अपेक्षा. दोघी एकाच खात्यावरून बोलायच्या आणि त्या खात्याचं नाव होतं 'पहारेकरी'. खरी नावं कळली की लोक दारात येऊन बसतात, हा अनुभव त्यांनी घेतला होता.

आणि पहारा कशावर? तर रिव्ह्यूची भीक मागण्यावर! "ताई, आमच्या क्रीमला पाच स्टार द्या, मी तुमच्या पिशवीला देते." क्रीम हातात घेतलेली नाही, पिशवी डोळ्यांनी पाहिलेली नाही, पण दोघींचे पाच-पाच स्टार तयार. अहो, हे इतक्या थराला गेलं की एका गृहस्थांनी बूटपॉलिशला 'चव अप्रतिम, घरात सगळ्यांना आवडली' असं लिहून टाकलं. गिऱ्हाईक काय मूर्ख असतं का? ग्रुपमधल्या सगळ्यांच्याच रिव्ह्यूवरचा लोकांचा विश्वास उडायला लागला. मग पिशवीवालीने नियम केला. ज्याने तुमची वस्तू घेतलेली नाही, त्याच्याकडे रिव्ह्यू मागायचा नाही. एकदा ताकीद, दुसऱ्यांदा बाहेर. मग तो कुणी का असेना.

हे 'कुणी का असेना' बोलायला सोपं असतं. पहिला तडाखा बसला तो साबणवालीच्याच भावाला. तो मेणबत्त्या करायचा आणि सगळ्यांच्या मागे लागायचा. पिशवीवालीने त्याला काढलं. तेव्हापासून भाऊ बहिणीशी धड बोलत नव्हता, पण साबणवालीने एका शब्दाने तक्रार केली नाही. "नियम म्हणजे नियम," एवढंच म्हणाली आणि नाक पुसलं.

आणि एका दुपारी 'पहारेकरी'ला एक निरोप आला.

"सप्रेम नमस्कार. आपली ओळख नाही, तरी धाडस करतो. मी 'झाकणमित्र' नावाचं उपकरण स्वतः तयार केलं आहे. घट्ट बसलेलं झाकण क्षणात निघतं. कृपया फोटो पाहून आपलं मत कळवावं. आपला नम्र."

पिशवीवालीने सवयीने कपाळाला आठ्या घातल्या आणि ताकीद लिहायला घेतली. मग तिचं लक्ष फोटोकडे गेलं. ओट्यावर एक बरणी, बरणीशेजारी ते उपकरण आणि मागे एक निळी किटली. किटलीच्या झाकणाची मूठ तुटलेली, आणि तिच्या जागी कोटाचं मोठं काळं बटण बसवलेलं. ते बटण पिशवीवालीने स्वतःच्या डब्यातून काढून दिलं होतं.

"अगं बाई! हे तर बाबा!"

बाबा म्हणजे तिचे सासरे. उभा जन्म त्यांनी कुलूप-किल्लीच्या दुकानात काढला. गुडघे बोलायला लागले तसं दुकान बंद केलं, आणि त्यानंतर जे काही झालं ते घरात कुणालाच आठवायला आवडत नसे. बाबा उठायचे, चहा घ्यायचे आणि भिंतीकडे बघत बसायचे. टीव्ही लावला तर टीव्हीकडे न बघता टीव्हीच्या मागच्या भिंतीकडे बघायचे. आईंना, म्हणजे सासूबाईंना, रात्ररात्र झोप यायची नाही. मग एके दिवशी बाबांनी आपलं हत्यारांचं टेबल बाल्कनीत लावलं, कानशीची खरखर सुरू झाली, आणि घराने सुटकेचा निःश्वास टाकला. लाकडी दांडा, त्याला चामड्याचा पट्टा, पट्टा झाकणाभोवती आवळायचा आणि दांडा फिरवायचा. त्याला ते आधी 'उघड्या' असं नाव ठेवणार होते. "चारचौघांत हे नाव घेऊ नका हो," असं आईंनी बजावलं, तेव्हा त्याचा 'झाकणमित्र' झाला. आणि आई, पिशवीवाली आणि तिचा नवरा अशा तिघांनी स्वयंपाकघरात कुजबुजत ठरवलं की काहीही होवो, बाबांना 'छान आहे' म्हणायचं. दुसरा शब्द काढायचा नाही.

ते बाबा आता ग्रुपभर मत मागत फिरत होते. संध्याकाळपर्यंत तक्रारींचा पाऊस पडला. बाबांनी दिसेल त्याला गाठलं होतं. एका बिचाऱ्या बाईने लिहिलं होतं की घरात पाइप फुटला आणि तिचा सगळा माल भिजला. त्याखाली बाबांचं उत्तर होतं, "ऐकून फार वाईट वाटलं. झाकणमित्र ओल्या हातांनीही चालतो. मत कळवावं."

साबणवालीचा फोन आला. "बघितलंस का? हा कोण काका उपटलाय? माणसाला काही जनाची नाही तर मनाची!"

"बघितलं," पिशवीवाली म्हणाली. "ताकीद देते." हा काका आपल्याच घरातला, हे तिने सांगितलं नाही. तिने ताकीद लिहिली, तीही जरा कडकच लिहिली, कारण मऊ लिहिली असती तर तिचं मन तिला खात राहिलं असतं.

जेवायला सगळे बसले तेव्हा बाबांनी चष्मा चढवला आणि फोन लांब धरला. "ऐका! 'आपण ग्रुपच्या नियमाचा भंग केला आहे. पुन्हा असे आढळल्यास आपणास काढून टाकण्यात येईल.' काढून टाकण्यात येईल म्हणे! मी काय भिंतीतला खिळा आहे? कोण हा पहारेकरी? आईबापांनी काही वळण लावलंय की नाही मेल्याला?"

पिशवीवालीला घास लागला. नवऱ्याला सगळं ठाऊक होतं. त्याने टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला आणि चेहरा पाण्याच्या ग्लासात लपवला.

"पण बाबा," ती धीर करून म्हणाली, "नियम असेल तर कशाला मागायचं? छान आहे की तुमची वस्तू. आम्ही म्हणतोच ना."

"म्हणता," बाबा म्हणाले. "म्हणता खरं." आणि फोन पालथा ठेवून जेवायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी उरलेल्या सगळ्यांना निरोप धाडले. साबणवालीचा लगेच फोन. "आता काढ त्याला! कसली वाट बघतेस? माझ्या भावाच्या वेळी तर चहा गार व्हायच्या आत काढलं होतंस."

पिशवीवालीने डोळे मिटले. "अगं, ते माझे सासरे आहेत."

"दुकान बंद झाल्यापासून आत्ता कुठे माणसात आलेत ते," ती घाईघाईने सांगू लागली. "काढलं आणि परत भिंतीकडे बघत बसले तर? मी आईंना काय तोंड दाखवू?"

"तुझे सासरे होय," साबणवाली हळूच म्हणाली. "आणि माझा भाऊ काय रस्त्यावर पडला होता?"

तिचं खरंच होतं. पिशवीवालीने फोन ठेवला, ग्रुप उघडला आणि मनात सासऱ्यांची माफी मागून त्यांना काढून टाकलं. बाल्कनीतली कानशीची खरखर थांबली. थोडा वेळ तिने वाट पाहिली. खरखर काही परत सुरू होईना.

ती उठली आणि सरळ बाल्कनीत गेली. बाबा स्टुलावर बसले होते, फोन मांडीवर, हात रिकामे.

"काढलं गं पोरी मला," ते म्हणाले.

"बाबा, पहारेकरी मीच आहे."

बाबांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "तू?"

"मी आणि माझी मैत्रीण. तिच्या भावालाही असंच काढलं होतं. तुम्हाला ठेवलं असतं तर तिला तोंड दाखवायला जागा राहिली नसती. मेला पण मीच, आणि वळण नसलेली पण मीच."

बाबांचा चेहरा लाल झाला, तो कालच्या शिव्या आठवून. "हात्तिच्या! आधी नाही का सांगायचं? बरं केलंस काढलंस ते. माझ्या दुकानातही नातलगाला उधारी नव्हती."

"रागावला नाहीत ना?"

"रागावलोय. पण काढलं म्हणून नाही." त्यांनी झाकणमित्र उचलून हातात फिरवला. "अगं, मी बाल्कनीत बसतो, पण बहिरा झालेलो नाही. बरणी ओट्याच्या कडेवर ठकठक आपटता, ते मला इथे ऐकू येतं. रोज येतं. हा खिळ्याला टांगलेला तसाच असतो. आणि विचारलं की तिघं एका सुरात, छान आहे बाबा! मग मी घरात विचारू कुणाला? परक्यांना तरी माझी दया यायचं कारण नाही म्हणून त्यांच्या मागे लागलो. मला स्टार नकोत, कौतुक नको. माझी माणसं माझी वस्तू का वापरत नाहीत, एवढंच मला कळायला हवं होतं."

पिशवीवालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खोट्या कौतुकावर पहारा ठेवायला ती दिवसभर बसत होती, आणि स्वतःच्या स्वयंपाकघरात तेच वाढत होती. तेही कुणाला, तर ज्याला ते बाधलं होतं त्याला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पण बाई कामाची. तिने डोळे पुसले, बाबांच्या हातातून झाकणमित्र घेतला आणि म्हणाली, "चला स्वयंपाकघरात."

मधाची बरणी ओट्यावर होती, झाकण दगडासारखं चिकटलेलं. तिने पट्टा झाकणाभोवती घातला. एका हाताने पट्टा आवळून धरला, दुसऱ्या हाताने दांडा फिरवला. झाकण जागचं हललं नाही, पण बरणीने अख्खी गिरकी घेतली आणि ती ओट्यावरून पडता पडता वाचली. तिने पुन्हा केलं. बरणीने पुन्हा गिरकी घेतली.

"बघा," ती म्हणाली. "एक हात पट्ट्याला, एक हात दांड्याला. बाबा, बरणी धरायची कोणी?"

"म्हणजे काय? ती शिकंज्यात..." बाबा बोलता बोलता थांबले.

बाल्कनीतल्या टेबलाला लोखंडी शिकंजा होता. किल्ली घासायची असो की झाकण उघडायचं असो, वस्तू शिकंज्यात आवळायची आणि मग दोन्ही हात मोकळे, ही त्यांची जन्माची सवय. त्यांनी झाकणमित्र लावून पाहिलेली प्रत्येक बरणी शिकंज्याने धरलेली होती.

"ओट्याला शिकंजा नाही," बाबा हळूच म्हणाले.

"नाही," पिशवीवाली म्हणाली.

बाबांनी बरणी घेतली, स्वतः पट्टा आवळला, स्वतः दांडा फिरवला. बरणीने गिरकी घेतली. त्यांनी ती पोटाशी धरली, तर दांडा पोटात बसला. मग कोपरात धरली, तर चष्मा नाकावरून खाली आला. आणि बाबा हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग त्यांना ओट्याला टेकून उभं राहावं लागलं. "अरे, तीन हातांच्या माणसासाठी केलंय मी हे!"

हसण्याचा आवाज ऐकून आई हातातलं काम टाकून धावत आल्या. दारातच थबकल्या. दुकान बंद झाल्यापासून हा आवाज त्यांनी ऐकला नव्हता. "काय झालं? पडलंबिडलं का काही?"

"तू का नाही बोललीस मला?" बाबा डोळे पुसत म्हणाले. "बरणी धरायची कोणी, एवढं विचारायचं होतंस."

"घाबरले होते मी," आई म्हणाल्या. "तुम्ही परत भिंतीकडे तोंड करून बसाल म्हणून घाबरले होते. वाटलं, एक खोटं बोलून माणूस घरात राहणार असेल तर राहू दे."

"अगं वेडे, सगळे छान म्हणायला लागलात म्हणूनच मला पुन्हा ती भिंत दिसायला लागली होती."

मग आईंनी झाकणमित्र उचलला, उलटा करून पाहिला आणि नाक मुरडलं.

"तसं आता विचारताच आहात म्हणून सांगते. हा दांडा हाताला बोचतो."

"बोचतो?" बाबांचे डोळे चमकले.

"बोचतो. शिवाय हे चामडं ओलं झालं की त्याला वास येतो. बारक्या बाटलीला हे लागतच नाही. आणि खिळ्याला अडकवलं की रोज माझ्या डोक्याला लागतं."

"सूनबाई, खुर्ची दे गं," बाबा म्हणाले. ते ऐसपैस बसले, पाय लांब केले आणि बायकोकडे बघून म्हणाले, "हं. अजून?"

"आहेत की," आई म्हणाल्या आणि त्यांनी पदर खोचला.