चमचा उलटा केला तर

कण्यांची खीर करायला लागतं तरी काय? मूठभर तांदळाच्या कण्या, गूळ, एक पिकलेला आंबा आणि गॅसपाशी उभं राहायचा धीर. शिरवणे गावात लग्न करून आलेल्या कुठल्याही पोरीला ती डोळे मिटून जमेल. रुतिकालाही जमली होती, चांगली जमली होती. तरी गावभर झालं की रुतिकाच्या खिरीनं तिचा सासरा गेला. लोकांचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला!

सासरा गंगाराम. वाशीच्या फळबाजारात आंब्याच्या पेट्या लावण्यात त्याचं उभं आयुष्य गेलं. सीझनमध्ये रोज रात्री चार दबलेले आंबे रुमालात बांधून आणायचा आणि जेवणाआधी खायचा, जेवणानंतर खायचा. चैत्रात त्याला लकवा मारला. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली, गिळता येईना म्हणून नाकातून नळी घातली. घरात येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातात आंब्याची पिशवी आणि हा आपला नळीतून दूधपाणी पितोय. कुणी आंबा कापला की डोळे त्या ताटलीवरून हलायचे नाहीत. रुतिकाला ते बघवायचं नाही. तिनं नवऱ्याला, कल्पेशला सांगून ठेवलं होतं, बाबांच्या समोर आंबा कापायचा नाही म्हणजे नाही.

नळी निघाली त्या दिवशी गिळायचं शिकवणाऱ्या मॅडमनी सगळ्यांना पलंगापाशी उभं केलं. "पातळ काही द्यायचं नाही. चहा नाही, पेज नाही, नुसतं पाणीसुद्धा नाही. पातळ पदार्थ चटकन घसरतो आणि वाट चुकून फुप्फुसात जातो. दाट द्या, पण गुठळी नको. चमचा उलटा केला तर पडता कामा नये, एवढं दाट."

"हो बाय, हो," रखमा म्हणाली. रखमा म्हणजे रुतिकाची सासू. मान अशी डोलावली की वाटावं, सगळं पोचलं. कसलं पोचतंय! त्या घरात आजारी माणसाला पातळ पेज द्यायची, हे शास्त्र. जितका आजार मोठा तितकी पेज पातळ. कल्पेशला लहानपणी टायफॉइड झाला तेव्हा रखमानं त्याला नुसत्या पेजेवर उठवून उभा केला होता, आणि तो तिच्यासमोर सहा फुटांचा उभा होता. तिनं मॅडमचं ऐकावं की स्वतःच्या डोळ्यांचं?

रुतिकानं दुसऱ्याच दिवशी खीर केली. कण्या भाजल्या, मऊ शिजवल्या, मिक्सरमधून काढल्या, वर गाळणीतून घासल्या. त्यात आंब्याचा रस आणि किसलेला गूळ घालून पुन्हा आटवल्या. चमचा भरून उलटा धरला. खीर हलली नाही. तिला इतका आनंद झाला की कल्पेशला फोन लावून सांगितलं. गंगाराम वास आल्यापासून दाराकडे बघत होता. तिनं त्याला बसता केला, पाठीला उशा लावल्या, पहिले दोन घास स्वतः भरवले. छान उतरले. त्याचं तोंड वाकडंच हसलं. मग खाली पाण्याचा टँकर आला म्हणून सोसायटीतल्या बायांनी हाक मारली, आणि ती हंडे घेऊन गेली.

"राहिलेली मी भरवते गो, जा तू," रखमा म्हणाली.

ती वर आली तर गंगाराम खोकत होता. आवाज ओला येत होता, घशात पाणी साचल्यासारखा. रखमा त्याची पाठ चोळत होती. "ठसका लागला. दाट व्हती ना, घशात अरकली." रुतिकानं वाटीत पाहिलं. खीर दुधासारखी पातळ, नुसती पिवळी. ओट्यावर दुधाचं पातेलं उघडं होतं. ती विचारायला वळली. पण गंगाराम शांत झाला, झोपला, आणि ती गप्प बसली. दुसऱ्या दिवशी त्याला हीव भरून ताप आला.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी विचारलं, खायला काय दिलं होतं? कल्पेश म्हणाला, "खीर. मिसेसनी केलेली." डॉक्टर म्हणाले, ती फुप्फुसात गेलीय. कल्पेशनं तिच्याकडे फक्त एकदा पाहिलं. तिथंच सांगायला हवं होतं, हे रुतिकाला कळत नव्हतं असं नाही. पण बाकड्यावर रखमा बसली होती आणि जो येईल त्याला एकच सांगत होती. "माझ्या हातानं खाल्लान. अख्खी वाटी खाल्लान. शेवटी आंबा त्याच्या तोंडात गेला." त्या बाईकडे तेवढंच उरलं होतं. ते कसं काढून घ्यायचं? रुतिका मूग गिळून बसली. गंगाराम परत घरी आला नाही.

पुढं रखमानं जे केलं, ते शिव्यांपेक्षा वाईट होतं. तिनं सुनेला माफ केलं. भेटायला आलेल्या बायका कुजबुजल्या की ही मोठ्यानं म्हणायची, "माझ्या सुनेला कोन बोलायचा नाय! पोर हाय. मायेनं केलान, दाट झाली, तिला काय ठावं?" आणि रुतिकाला जवळ घेऊन डोक्यावरून हात फिरवायची. रुतिकाला वाटायचं, हिनं एक सणसणीत थोबाडीत मारावी, पण हे नको.

तेराव्याला गोडाचं जेवण. गेलेल्याच्या आवडीचं करायचं म्हणून रखमानं स्वतः खीर केली, कण्यांची, आंबा घालून. मांडवात पंगत बसली. रुतिका वाढत होती. रखमाशेजारी चांगुणाबाई बसली होती, दोन घरं सोडून राहणारी. तिच्या नवऱ्याला, श्यामसुंदरला, नुकताच लकवा मारला होता.

"उद्या नळी काढतात गो आमच्या यांची," चांगुणाबाई म्हणाली. "मना तर धरकीच भरलीय. काय देऊ खायला?"

"पातळ दे," रखमा म्हणाली. "दाट बिलकुल नको. आमच्याकरं काय झाला, बगितलास ना? चांगला दूध घालून पातळ कर, पान्यासारखा. गपकन उतरल."

रुतिकाच्या हातात खिरीचं पातेलं होतं. सगळ्या बायांनी तिच्याकडे पाहिलं आणि लगेच पानात नजर घातली. तिच्या मनात आलं, आत्ता गप्प राहू, उद्या गुपचूप चांगुणाकाकींना गाठू. पण काकी ऐकतील कुणाचं? जिच्या खिरीनं माणूस मेला, तिचं? कारण सांगितल्याशिवाय कुणी ऐकणार नव्हतं. आणि कारण पुढ्यात मांडी घालून बसलं होतं, पांढऱ्या कपाळाचं.

"काकी, पातळ नका देऊ." आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. "मी दाटच केली होती. दाट उतरली होती त्यांना. नंतर... आईंनी त्यात दूध घातलं."

"रुतिका!" कल्पेश मांडवाच्या दुसऱ्या टोकावरून ओरडला. "तोंड सांभाळ!"

पंगत थांबली. रुतिका जागची हलली नाही. बोललेलं तिनं मागं घेतलं नाही.

रखमानं वर पाहिलं. रागावली नाही. कुणी हिशेब चुकल्याचं सांगावं तशी ती मनात मागं मागं गेली, आणि मग घाईघाईनं बोलायला लागली. "कोमट करून घातला मी. थंड नाय घातला. साय पन कारली व्हती. गुठली होऊ नये म्हनून ढवलला..." बोलता बोलता थांबली. सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. कल्पेशकडे सगळ्यात जास्त वेळ.

मग तिनं वाटीतला चमचा भरला, समोर धरला आणि उलटा केला. खीर तिच्या लुगड्यावर सांडली.

"ही असी नको गो चांगुने," ती म्हणाली. "चमचा उलटा केला तर परता कामा नये. बाय बोलली व्हती. मी तितंच व्हते."