रविवारचं तेल

आपली टाळू आपल्याला दिसत नाही. देवानं माणसाला डोळे पुढे दिले आणि मागचं सगळं दुसऱ्याच्या भरवशावर सोडलं. माझा भरवसा पलकवर होता. केसानं गळा कापतात हे लहानपणापासून ऐकत आले, पण त्या कामाला माझेच केस लागतील असं कधी वाटलं नव्हतं. मला राग आलाय आणि तो लपवायची माझी इच्छा नाही.

पलक म्हणजे जळगावातल्या सुगनचंद शेठजींची सून. खाली तेलाचं दुकान, वर घर. वर जायचं तर दुकानातूनच, गल्ल्याशेजारी चपला काढून. आमची ओळख मेहरूणच्या तलावावर झाली. मी शाळेत शिकवते. शाळा भरायच्या आत तिथं चालायला जायची आणि तीही यायची. ती मारवाडी जैन, मी धुळ्याजवळच्या खेड्यातल्या शेतकऱ्याची पोर. माझ्या हातचं वांग्याचं भरीत ती खायची नाही, पण ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी मात्र तूप लावून चवीनं खायची. लग्नानंतर बाईला नवी मैत्रीण मिळणं सोपं नसतं. मला मिळाली होती, आणि मी त्याचा जरा तोराच मिरवायची.

तिनं एका चातुर्मासात, पर्युषणापर्यंत, मासखमण केलं. महिनाभर फक्त उकळलेलं पाणी, तेही सूर्य असेपर्यंत. मला एकादशीला साबुदाण्याची दुसरी वाटी लागते, म्हणून मी तिच्याकडे तोंड उघडं टाकून बघायची. पारण्याच्या आधी तिची मिरवणूक निघाली, चौकात तिच्या फोटोचा फलक लागला. मी तिच्या बग्गीबरोबर चालले आणि रडलेसुद्धा.

दिवाळी झाली आणि तिचे केस गळायला लागले. थोडेथोडके नाहीत, मोरीच्या जाळीवर मूठ मूठ. जाड शेपटा होता तिचा, त्याची शेपटी झाली. ती माझ्या गळ्यात पडून रडली आणि म्हणाली, "कुणाला बोलू नकोस." मी नवऱ्यालासुद्धा बोलले नाही. पुढच्या उन्हाळ्यात तिच्या भांगाच्या दोन्ही बाजूंना बारीक बारीक केस उभे राहिले, मग ते वाढत गेले. त्याच सुमाराला दुकानात एक मोठा बोर्ड लागला. डावीकडे पलकचा विरळ भांग, उजवीकडे भरलेलं डोकं, आणि खाली 'धनकुंवर केशतेल'. सुगनचंदजींच्या आईची ही जुनी कृती, असं म्हणत. फोटो तिच्या नवऱ्यानं, रोनकनं काढले होते. पाचोऱ्यापासून सावद्यापर्यंतच्या बायका ते तेल न्यायला येऊ लागल्या.

त्याच वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आसपास माझी टाळू खाजायला लागली. नुसती खाज नाही, आत मिरची चोळल्यासारखी जळजळ. बोटाला एके ठिकाणी केस कमी लागले, रुपयाएवढ्या जागेत. मी घाबरले आणि सरळ पलककडे गेले. तिनं माझं डोकं उजेडाकडे वळवून बघितलं, खाली जाऊन एक बाटली आणली आणि म्हणाली, "घाबरू नकोस. माझे आले, तुझेही येतील. दर रविवारी दुपारी ये, मीच लावून देते."

मग तो नेमच झाला. ती पलंगावर बसायची, मी खाली, खांद्यावर घरून नेलेला जुना टॉवेल. वाटीत कोमट तेल असायचं. लग्न होऊन सासरी आल्यापासून कुणी माझ्या डोक्याला हात लावला नव्हता. खरं सांगते, मला तिथं झोप यायची. केस येवोत न येवोत, त्या एका तासासाठी मी आठवडाभर वाट बघायची.

समाधान, माझा नवरा, वीज कार्यालयात आहे. कमी बोलतो. त्यानं एकदा म्हटलं, "वाढलंय ते. डॉक्टरला दाखव." काही महिन्यांनी पुन्हा म्हटलं. मी त्याच्यावरच खेकसले, "तुला काय कळतं? पलक दर आठवड्याला बघते. लव येतेय म्हणते." आणि ती म्हणायचीच तसं. बोटाचं टोक टाळूवर फिरवत, अगदी प्रेमानं, "बारीक लव येतेय गं." मी एकदा फोन मागे धरून फोटो काढला तर मधोमध काहीतरी पांढरं चमकत होतं. तिला दाखवला. "तेल चमकतंय," ती म्हणाली.

आता सगळे विचारतात, एवढी शिकलेली बाई, डॉक्टरकडे का गेली नाहीस? जाणार कशी? एक बाई स्वतःच्या हातानं, मायेनं माझ्या डोक्याला तेल लावते आणि मी तिच्या पाठीमागे औषध आणायचं? तिला कळलं तर काय वाटेल, हा माझा प्रश्न होता. भीड ही भिकेची बहीण, असं मी वर्गात पोरांना शिकवते. शिकवणं वेगळं असतं. चालताना स्कार्फ बांधायचा, गाडीवर बांधायचा, शाळेत केस वर घेऊन मोठा क्लिप लावायचा, असं करत सव्वा वर्ष काढलं.

यंदा श्रावणात कानबाईच्या सणाला माहेरी गेले, आमच्या खानदेशातली ही देवी. कानबाई रविवारची बसते, त्यामुळे पलकचा रविवार चुकला. घरात पाहुणे, दळण, नैवेद्याच्या रोटांची गडबड. आदल्या दिवशी आई म्हणाली, बस, डोकं धुऊन देते. मी नको नको म्हणेपर्यंत तिनं क्लिप काढलासुद्धा. तांब्या हातात तसाच राहिला.

"पोरी, हाई काय शे?" ती म्हणाली. "आठे ते एक बी केस नही."

"लव येतेय आई. पलक म्हणते."

आईनं पदरानं जागा पुसली आणि पुन्हा बघितलं. "कोठे शे लव? माले ते काहीच दिसत नही." मग तिनं माझा हात धरून माझीच बोटं तिथं फिरवली. तळहात मावेल एवढी जागा होती, गुळगुळीत, काचेच्या बरणीसारखी. मी तिथं कधी धड हात लावलाच नव्हता. तेलकट असायची जागा, आणि भीती वाटायची. न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसून मी मोकळ्या केसांनी रडले, आणि बाहेर बायका कानबाईची गाणी म्हणत होत्या.

कानबाईची बोळवण झाली आणि आई मला धुळ्याला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी भिंगातून बराच वेळ बघितलं, जागा बधिर करून कडेचा बारीकसा तुकडा काढला. मी माहेरीच थांबले, आठवड्यानं तपासणीचा निकाल आला. आजाराचं नाव लांबलचक होतं, पण अर्थ त्यांनी सोपा करून सांगितला.

"केस गळणं सगळं एकसारखं नसतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही शेतकऱ्याच्या घरच्या आहात ना? केळीची पानं वाळली तर पाणी, खत दिलं की नवी येतात. कंदच सडला तर काय येणार? तुमच्या शरीरानं स्वतःच्याच केसांच्या मुळांवर हल्ला चढवलाय. जिथं गुळगुळीत झालंय तिथं मूळच उरलं नाही. तिथं आता केस येणार नाहीत."

मी आपल्याच रक्ताची इंजेक्शनं टाळूत देतात ते पीआरपी विचारलं, केसरोपण विचारलं, माझ्या शाळेतल्या एका बाईनं केलं होतं ते सगळं विचारलं. त्यांनी मान हलवली. "आग चालू असताना रोपं लावून उपयोग नाही. आधी ती विझवू. गोळ्या, लावायचं औषध, कडेनं इंजेक्शनं. उरलेले वाचवू, तेवढं माझ्या हातात आहे. पण इतक्या उशिरा का आलात?"

"मैत्रीण तेल लावत होती."

त्या रागावल्या नाहीत. "तेलानं हे झालेलं नाही. तेलात वेळ गेला, एवढंच. सुरुवातीला आला असतात तर रुपयाएवढ्यावरच थांबवता आलं असतं."

मग मी पलकचं सांगितलं, नाव न घेता. महिन्याचा उपास, दिवाळीनंतरचं गळणं, उन्हाळ्यात आलेले केस. त्या लगेच म्हणाल्या, "ते तर व्हायचंच. मोठा उपास, बाळंतपण, टायफॉइड, काहीही झालं की दोनतीन महिन्यांनी केस झडतात. पोट भरलं, रक्त सुधारलं की आपोआप येतात. तेल लावा नाहीतर नुसतं पाणी लावा."

जळगावच्या बसमध्ये मला पलकची दया येत होती, यावर आज कुणाचा विश्वास बसणार नाही. मला वाटलं, बिचारीला सासऱ्यानं आणि नवऱ्यानं फसवलं. हातात बाटली दिली, फोटो काढले, आणि केस तेलानंच आले असं तिलाही खरं वाटलं. तिनं मला जे दिलं ते आंधळ्या मायेनं दिलं. आपण दोघी फसलो, हे तिला कसं सांगावं, याचे शब्द मी एरंडोलपर्यंत जुळवत होते.

रविवारी नेहमीच्या वेळेला गेले. दुकानात सुगनचंदजी गिऱ्हाइकाशी बोलत होते, मला बघून हसले. वर वाटीत तेल कोमट करून ठेवलेलं होतं. मी टॉवेल नेला होता, सवयीनं. बसले नाही. डॉक्टरीणबाई बोलल्या ते सगळं सांगितलं, माझं आणि तिचं, आणि म्हणाले, "पलक, आपण दोघी फसलो गं."

तिनं आधी दार लोटलं. "हळू बोल," म्हणाली. मग पलंगाच्या कडेला बसून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "माझं ते मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"उपासानं गेले ते. तेव्हाच डॉक्टरांनी सांगितलं होतं. रक्त कमी झालं होतं, लोहाच्या गोळ्या घेतल्या. सहा महिन्यांत येतील म्हणाले, आले."

"आणि तेल?"

"घरचंच तेल आहे, लावत होतेच. रोनकनं फोटो काढले, पप्पाजींनी बोर्ड लावला. मी काय बोलायचं? तपानं केस गेले म्हणायचं? एवढी मिरवणूक निघाली, एवढे लोक पाया पडले. तपाला बोल लागला असता, नूतन. आणि दुकान चालायला लागलं होतं."

मला तिचं म्हणणं कळत होतं, हेच वाईट. सासर, धर्म, धंदा, यात ती कुठं अडकली होती ते मला दिसत होतं. तेवढ्यावर मी तिला माफसुद्धा केलं असतं. बोर्ड जगासाठी होता, जगाशी माझं काय भांडण? माझं भांडण रविवारचं होतं.

मी टॉवेल खांद्यावर टाकला आणि नेहमीच्या जागी खाली बसले, तिच्याकडे पाठ करून. क्लिप काढला.

"बघ," मी म्हणाले. "काय दिसतंय ते सांग."

 तिनं वाटीला हात लावला नाही.

"लव आहे का गं?"

"नाही."

"कधी होती?"

खालून सुगनचंदजींचा आवाज येत होता, कुणाला तरी ते बाटलीचे गुण सांगत होते. मग पलक माझ्या मागून म्हणाली, "गेल्या दिवाळीपासून गुळगुळीत आहे."

दिवाळी. म्हणजे संक्रांतीला तिला माहीत होतं, होळीला माहीत होतं, आखाजीला माहीत होतं. रविवारमागून रविवार ती जागा तिच्या बोटाखाली वाढत होती आणि ती लव येतेय म्हणत होती, आणि मी तिच्या गुडघ्याला टेकून झोपत होते. समाधानवर मी खेकसले होते. आईला लव दाखवत होते.  केस गेल्याचं दुःख धुळ्याला झालं होतं, हे त्याच्याहून मोठं होतं.

"मला वाटायचं, येतील," ती रडत म्हणाली. "आणि सांगितलं असतं तर तू डॉक्टरकडे गेली असतीस, मग सगळीकडे झालं असतं, घरच्याच मैत्रिणीला तेल लागू पडलं नाही म्हणून. दर आठवड्याला ठरवायचे, आज सांगते. तू किती विश्वासानं बसायचीस, मग तोंडच उघडायचं नाही."

"माझा विश्वास होता म्हणून तू खोटं बोललीस?"

 मी उठले. टॉवेलची घडी घालून तिच्या पलंगावर ठेवली, तो मला परत घरी न्यायचा नव्हता. दाराशी पोहोचले तेव्हा ती घाईनं मागे आली. वाटलं, आता तरी काही बोलेल, हात धरेल.

"स्कार्फ बांध ना," ती कुजबुजली. "खाली गिऱ्हाईक आहे."

मी स्कार्फ हातात घेतला आणि जिना उतरले. गल्ल्यासमोर एक बाई पोरीला घेऊन उभी होती. पोरगी कॉलेजातली असावी, ओढणी डोक्यावरून घट्ट ओढलेली. सुगनचंदजी बोर्डाकडे बोट करून सांगत होते, "आमची सूनबाई. बाहेरचं कुणी नाही, घरातलंच उदाहरण." मला बघताच त्यांचं बोट हवेत राहिलं.

माझ्या चपला गल्ल्याशेजारीच होत्या, त्या बाईच्या पायाशी. मी खाली वाकले. चपलेचा पट्टा अडकवायला एरवी मला क्षण लागत नाही. त्या दिवशी मी तो काढला, पुन्हा अडकवला, पुन्हा काढला, आणि मान खाली घालून तशीच वाकून राहिले, त्या पोरीनं नीट बघेपर्यंत.