गोजाबाईची झील

चन्नम्माने पेटीचा भाता दाबला, काळी चारवर बोट ठेवलं आणि गोजाबाईकडे पाहिलं. गोजाबाईने एक हात कानामागे नेला, डोळे मिटले आणि ओवी उचलली.

"उभ्या माळाची लेक मी गं, मला सावली ठावी न्हाय..."

पहिली ओळ कशीबशी निभावली. दुसरी ओळ वर चढते, तिथे आवाज चिरला. तिसरीला नुसती हवा आली. मायाक्काचा ढोलावरचा हात थांबला. गंगम्माच्या झांजा एकमेकींना टेकून गप्प झाल्या.

गळ्यातली गाठ काढल्यानंतरची ही पहिलीच तालीम होती. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, जीवाला धोका नाही, आवाज मात्र थोडा जड राहील, कदाचित कायमचा. गोजाबाईला तेव्हा त्यातला 'थोडा' एवढाच शब्द ऐकू आला होता.

"बेड, बेड," चन्नम्मा म्हणाली. मैंदर्गीची चन्नम्मा गडबडली की तिच्या तोंडून 'नको'सुद्धा आधी कानडीत निघायचं. "तुझं काय न्हाय गोजक्का. ही काळी चारच अडकायलीय. ओल धरली हाय पेटीनं. दुरुस्त होईस्तोवर पांढरी तीनवर घेऊ की."

"बरं व्हईल," गंगम्मा म्हणाली. तालमीच्या मधल्या वेळातही ती सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसायची. आत्ता ते सूप तिने उगाच जवळ ओढलं. "मला तर वर लई दम लागतो."

आरोही पाच जणींत सगळ्यात धाकटी. ती म्हणाली, "आत्या, मलाबी खालीच बरं पडतं."

चन्नम्माने पट्टी उतरवली. त्या खालच्या सुरात गोजाबाईचा आवाज उभा राहिला. खरखरीत, दमलेला, पण उभा. ओवी संपली तेव्हा तिने पदराने मान पुसली आणि पाणी मागितलं. गाठीची खूण पदराखाली झाकायची सवय तिला अजून झाली नव्हती. आरोहीने पाणी देता देता तो पदर सारखा केला.

धनगरांची ओवी बाप्यांनी म्हणायची, हा रिवाज. गोजाबाईचे वडील महिपती बिरोबाच्या देवळापुढे रात्र रात्र ओव्या म्हणत आणि लहानगी गोजा भिंतीमागे बसून त्या ऐके. लग्न होऊन कुंभारीला आली, पोरं मोठी झाली, आणि एके दिवशी तिने ठरवलं की आता भिंतीमागे बसायचं नाही. मग ती दारोदार फिरली. चन्नम्माने आपला नवरा गेल्यावर पेटी ट्रंकेत घालून टाकली होती. ती पुन्हा बाहेर निघेपर्यंत गोजाबाई तिच्या उंबऱ्यावर जाऊन बसत राहिली. मायाक्काच्या दिराने ढोल अंगणात फेकला, तो हिने उचलून आपल्या घरी ठेवला. आरोही तेव्हा शाळेत होती. "नेणार मी, आणणार मी," एवढंच तिच्या आजोबांना सांगून गोजाबाईने पोरीला तालमीला आणलं. विडी कामगारांच्या वसाहतीतल्या समाजमंदिरात पाच जणी जमू लागल्या. आधी लोक हसले. मग जत्रेला बोलवू लागले. आणि आता सोलापुरातल्या लोककला महोत्सवाचं आमंत्रण आलं होतं. बायकांनी म्हटलेली धनगरी ओवी तिथल्या मंचावर पहिल्यांदाच होणार होती.

तालमी पांढरी तीनवर चालू राहिल्या. खालचे सूर सापडावेत म्हणून आरोही हनुवटी छातीला लावून गायची. गोजाबाईला वाटायचं, पोरगी मन लावून गायलीय.

महोत्सव जवळ आला होता. गोजाबाई तपासणीसाठी सोलापूरला गेली, तर डॉक्टर त्या दिवशी आलेलेच नव्हते. ती मिळेल त्या रिक्षाने परत निघाली आणि घरी न जाता सरळ समाजमंदिराकडे वळली. दार लोटलेलं होतं. एक चप्पल काढून दुसरी काढायला ती वाकली आणि तशीच राहिली.

आत आरोही गात होती. वाऱ्यावर घार चढावी तसा तिचा आवाज दुसऱ्या ओळीला वर गेला, पंख न हलवता तिथेच तरंगला आणि सावकाश खाली आला. पेटी काळी चारवर वाजत होती. कुठलीही पट्टी अडकत नव्हती.

"बास, बास," चन्नम्माचा आवाज आला. "गोजक्का यायची येळ होईल. चला, खाली उतरा."

"खाली गाऊन गाऊन माझा घसा खरवडला," गंगम्मा हसत म्हणाली.

"खरवडू दे की," मायाक्का म्हणाली. "तिचा न्हाय खरवडला?"

"तसं न्हाय गं. पर सोलापुरात ही पोरगी अशी वर गायली, तर लोक खुळं होतील."

"तितंबी पांढरी तीनच," आरोही म्हणाली. "आत्या म्होरं, मी मागं. ह्यावर पुन्यांदा बोलायचं न्हाय."

गोजाबाईने काढलेली चप्पल पुन्हा पायात घातली आणि ती आवाज न करता घरी निघून गेली.

दोन दिवस तिने अंगात कसर आहे म्हणून सांगितलं आणि तालमीला गेली नाही. तिचे कान तापत होते. आजारी पोराला गूळ दाखवून औषध पाजावं, तसं आपल्याला या सगळ्यांनी पाजलं. आपण ज्यांना उंबऱ्याबाहेर आणलं त्यांनी. नवरा सिद्धनाथ म्हणाला, "बरं नसंल तर मेंढरं मी नेतो." तर तिने काठी उचलली आणि स्वतःच माळावर गेली.

माळावर कुणी नव्हतं. तिने मनातल्या मनात काळी चार धरली आणि ओवी उचलली. आवाज तिथेच चिरला. पुन्हा उचलली, पुन्हा चिरला. मेंढरांनी मानसुद्धा वर केली नाही. तिला रडू आलं, आणि ते पुरतं रडून झाल्यावर ती बाभळीखाली बसली.

ऊन उतरायला लागलं तेव्हा पोरीचा तो आवाज पुन्हा तिच्या कानात आला. ती ऐकत राहिली. ओळीच्या शेवटी आरोही श्वास घ्यायला थांबायची, आणि तिथे एक मोकळी जागा राहायची. गोजाबाईने काही न ठरवता त्या जागेत आपला सूर सोडला. वर न चढता, नुसता लांबवलेला. "न्हा...य." आवाज फाटला नाही. तिने आणखी लांबवला. तो जाड होता, जमिनीलगत होता, आणि हलत नव्हता.

देवळापुढे वडील गायचे तेव्हा त्यांच्या मागे दोघे उभे असत. वडिलांनी ओळ सोडली की ते ती धरत, ओढत नेत आणि पुढच्या ओळीपर्यंत सांभाळत. त्याला झील म्हणायचे. लोक महिपतीच्या नावाने येत. त्या दोघांची नावं गोजाबाईलाही आठवत नव्हती. पण एकदा त्यातला एक आला नाही, तर महिपतींनी ओवी सुरूच केली नव्हती. माणूस बोलावून आणेपर्यंत सगळा गाव बसून राहिला होता.

तिसऱ्या दिवशी ती तालमीला गेली. पांढरी तीनवर गायली. कुणाला काही बोलली नाही.

महोत्सवात त्यांची वेळ सकाळची होती. पिवळ्या पट्ट्यांची हिरवी लुगडी नेसून पाच जणी मंचावर आल्या. माईक मधोमध होता. गोजाबाई माईकपाशी गेली, समोरच्या गर्दीला तिने हात जोडले आणि मागे वळून हळूच म्हणाली,

"चन्नव्वा, काळी चार."

चन्नम्माचा भात्यावरचा हात थांबला. "गोजक्का, पेटी..."

"पेटीला काय धाड भरलीय? चांगली हाय की."

चन्नम्माने मान खाली घातली. गोजाबाईने आरोहीचं कोपर धरून तिला पुढे ओढलं. पोरीने पाय रोवले.

"आत्या, न्हाय. मी म्होरं हुबी ऱ्हात न्हाय."

"का? मी मागं हाय न्हवं?" गोजाबाई म्हणाली. "तू आवाज टाक. झील मी धरते."

"लोक तुमाला ऐकाय आल्यात."

"मग ऐकतील की."

मायाक्काने ढोलावर थाप टाकली. तिला जास्त बोलणं कधी आवडायचं नाही. आता मागे फिरायला वाट नव्हती. आरोहीने हात कानामागे नेला. पहिली ओळ थरथरत गेली. दुसऱ्या ओळीला तिचा आवाज वर चढला आणि शेवटी श्वासासाठी तुटला. तेवढ्यात तिच्या खांद्यामागून तो जाड, खरखरीत सूर आला आणि ओळीच्या खाली पसरला. आरोहीने मागे वळून पाहिलं नाही. पण तिची मान ताठ झाली, आणि पुढची ओळ तिने अशी टाकली की गंगम्मा झांज वाजवायची विसरली. पोरगी जितकी वर जाई, तितका मागचा सूर खाली घट्ट बसे. पुढच्या रांगेतला एक म्हातारा धनगर घोंगडी सावरत उठून उभा राहिला आणि ओवी संपेपर्यंत तसाच उभा होता.

टाळ्या बराच वेळ वाजल्या. गोजाबाई मागेच थांबली. आरोही खाली वाकली आणि सगळ्यांच्या देखत तिच्या पाया पडली.

पाचही जणी परतीच्या जीपमध्ये बसल्या. शहर मागे पडलं. तेव्हा आरोहीने विचारलं, "आत्या, तुमाला राग आला व्हता का?"

"आला व्हता की. लई आला व्हता."

"मग?"

"मग भूक लागली," गोजाबाई म्हणाली. "एकटीला जेवान जाईना."

मायाक्का आधी हसली, मग सगळ्याच हसल्या. चन्नम्मा तेवढी पेटी मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत होती. गोजाबाईने तिला कोपराने ढोसलं.

"आन् तू गं? जलमभर नुसती पेटीच दाबणार का? कवा तोंडबी उघड."

"मला कुटं येतंय," चन्नम्मा म्हणाली. "आई दळताना म्हणायची, ते कानडीतलं येतंय तेवढंच."

"तेच म्हण."

चन्नम्माने पेटीच्या झाकणावर हात फिरवला. मग पेटी न उघडताच, पुटपुटल्यासारखी ती गाऊ लागली. इतक्या वर्षांत चौघींपैकी कुणीही तिचा गातानाचा आवाज ऐकला नव्हता. तो बारीक होता आणि अगदी लहान मुलीचा वाटत होता. शब्द कुणालाच कळत नव्हते. पहिली ओळ संपली आणि ती घाबरून थांबली.

आरोहीने गोजाबाईकडे पाहिलं. गोजाबाईने मान हलवली, आणि चौघींनी मिळून झील धरली.