शेवटच्या अंकाआधी उठणारी माणसं

मी एक जुना मखमली पडदा आहे. मित्रांनो, माझं वय विचारू नका. ठिगळं मोजा, म्हणजे कळेल.

एका शिंप्याने पाठ मोडेस्तोवर खपून मला शिवलं आणि मोठ्या शहरातल्या नाट्यगृहात मी टांगला गेलो. तिसरी घंटा झाली की मी उघडायचो. टाळ्या नटांना मिळायच्या, पण त्यातल्या थोड्या मी आपल्याच समजायचो. एक गोष्ट मात्र कधीच कळली नाही. शेवटच्या अंकाआधी मी मिटलो की मागच्या रांगांतली माणसं पायाने चपला चाचपत निघून जायची. नाटक ऐन रंगात असताना! मला वाटायचं, माझंच काही चुकतंय.

पुढे तिथे नवा पडदा आला आणि माझी रवानगी शहराबाहेरच्या नव्या वसाहतीत झाली. इथे पोहण्याचा तलाव आहे, व्यायामशाळा आहे, पण रंगमंच नाही. मला सभागृहात लावलं आणि माझ्यामागे टेबल टेनिसचं टेबल ठेवलं. मी पुरता गोंधळलो. आता उघडायचं कधी आणि मिटायचं कधी? चेंडू आदळला की हलायचं, एवढंच काम उरलं.

"हे धूड धूळ खात पडलंय. कापा आणि टेबलांवर अंथरा," वसाहतीचे अध्यक्षकाका म्हणाले.

शिवणकाम करणाऱ्या मावशी पदर खोचून पुढे आल्या. "आधी एक नाटक होऊ द्या. लोक शेवटपर्यंत बसले नाहीत, तर मीच कात्री आणते."

नाटकाच्या दिवशी माझ्यामागचं टेबल हलवून जागा केली. घंटा नव्हती, म्हणून मावशींनी ताट वाजवलं. लोक हसले, हळहळले. शेवटच्या अंकाआधी मी मिटलो आणि काय सांगू! अख्खं सभागृह उठून दाराकडे निघालं. मला कात्रीच दिसू लागली.

मावशी मला बाजूला सारून ओरडल्या, "अहो, निघालात कुठे?"

"शेवटची बस..." अध्यक्षकाका बोलता बोलता थांबले.

"कसली बस? घर वरच्या मजल्यावर आहे ना तुमचं!"

एकच हशा पिकला. वसाहत नवी असली तरी माणसं याच बाजूची; शहरात नाटकाला जायचं आणि शेवट सोडून बस गाठायची, ही इथल्या लोकांची वर्षानुवर्षांची सवय. म्हणजे मागच्या रांगांतली ती माणसं हीच! सगळे ओशाळून परत बसले. नाटक संपलं, मी मिटलो, तरी काका जागचे हलेनात.

"उठा आता, संपलं," मावशी म्हणाल्या.

"असं संपतं होय?" काकांनी डोळे पुसले.

कात्री पेटीतच राहिली. चेंडू अजून आदळतोच, आणि मी नाट्यगृहाचा की खेळाच्या खोलीचा, हे मला अजून उमगलेलं नाही. पण मित्रांनो, उद्या घरं बांधाल तेव्हा एका पडद्यापुरती जागा नक्की ठेवा. आणि अधूनमधून माझी धूळ झटका. नाहीतर काका म्हणतील, डोळ्यांत पाणी धुळीमुळे आलं होतं.