उमेदवाराला कोणी विचारलं?

सरपंच मथुराबाईंना जाऊन तीन महिने होत आले होते. सरपंचपदाची पोटनिवडणूक जाहीर झाली आणि अर्जाची मुदत संपायच्या आदल्या दिवशी, रविवारी, त्यांच्या घरच्या पुढच्या खोलीत गावची दहाबारा मोठी माणसं जमली. पाऊण तास बोलून ती एकमतानं उठली. पद महिलेसाठी राखीव होतं. मथुराबाईंची सून ऋतुजा उभी राहील, गाव तिला बिनविरोध निवडून देईल आणि कारभार मुलगा अभिमन्यू बघेल. बाईंना हीच खरी श्रद्धांजली, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. तेवढ्या वेळात ऋतुजा दोनदा खोलीत आली. एकदा चहा घेऊन आणि एकदा रिकामे कप न्यायला. तिला कोणी काही विचारलं नाही.

अशी बैठक तुम्हा-आम्हाला नवी नाही. आपणही कधीतरी तिथं बसलो आहोत आणि चहा पिऊन उठलो आहोत.

मथुराबाईंची मुलगी देवयानी त्या दिवशी तिथंच होती. ती सोलापूरच्या एका कॉलेजात शिकवते. आई गेल्यापासून दर रविवारी मंद्रूपच्या रस्त्यानं गावी येते, आईच्या खोलीतली कपाटं आवरते आणि संध्याकाळी परत जाते. तीन महिन्यांत तिला कोणी रडताना पाहिलं नव्हतं. बैठकीत तिला मनातून राग आला, पण ती बोलली नाही. गावात वाटायला पत्रक लिहून दे, असं अभिमन्यूनं सांगितल्यावर मात्र तिनं ते तासाभरात लिहून काढलं. तीस वर्षांपूर्वी गावची पहिली बाई सरपंच झालेली आई त्यात आली. पुढे पंचायत समिती गाजवून उतारवयात पुन्हा गावच्या कारभारात परतलेली आई आली. "बाई, तुमचे मालक कुठं आहेत?" असं विचारणाऱ्या साहेबाला "घरी भाकरी थापत्यात, काय निरोप हाय का?" म्हणणारी आई आली. शेवटी ऋतुजाच्या नावानं दोन ओळी होत्या : 'सासूबाईंचा वारसा मी निष्ठेनं चालवीन. त्यांनी दाखवलेली वाट हीच माझी वाट.'

संध्याकाळी चंद्रव्वा आली. ती आणि मथुराबाई पहिल्यांदा एकाच निवडणुकीत ग्रामपंचायतीवर निवडून आल्या होत्या आणि त्यांची मैत्री शेवटपर्यंत टिकली. चंद्रव्वाला वाचता येत नाही, म्हणून देवयानीनं पत्रक मोठ्यानं वाचून दाखवलं. भाकरीच्या किश्शाला चंद्रव्वा हसली, मग तिनं पदरानं डोळे पुसले.

"लई ग्वाड लिवलंस, यव्वा," ती म्हणाली. "पर ह्ये शेवटचं ऋतुजा कवा बोलली?"

ऋतुजा असं काही बोललीच नव्हती. बैठकीतल्या पुरुषांवर चिडलेल्या, घरभर पुस्तकं असलेल्या देवयानीनं तरी तिला कुठं विचारलं होतं? तिनं तेच केलं होतं, फक्त शुद्ध भाषेत!

अभिमन्यू मध्ये पडला. अर्ज भरून तयार आहे, ऋतुजाची सही दुपारीच घेतली आहे, उद्या तीन वाजेपर्यंत सोलापूरला तहसील कचेरीत द्यायचा आहे, आता हा विषय कशाला, असं त्याचं म्हणणं होतं. सही तर तिचीच आहे की, असंही तो म्हणाला.

चंद्रव्वा त्याच्यावर रागावली नाही. तिनं स्वतःचीच गोष्ट सांगितली. निवडून आल्यावर पहिले सहा महिने सभेला तिच्या खुर्चीवर तिचा नवरा बसायचा आणि ती रानात खुरपत असायची. नळाचं सार्वजनिक कोंडाळं कुठं बांधायचं, हे अशाच एका सभेत ठरलं. जागा पाराला लागून होती, जिथं दिवसभर पुरुष बसलेले असतात. ते बांधून झालं, पण गावातल्या नव्या सुना तिथं घागर घेऊन जाईनात. पुढच्या सभेत मथुराबाईंनी ग्रामसेवकाला लिहायला सांगितलं की, चंद्रव्वा गैरहजर, आणि खुर्चीवर एक बघ्या हजर. चंद्रव्वाचा नवरा तणतणत घरी गेला. मग मथुराबाईंनी सभा थांबवून चंद्रव्वाला रानातून बोलावून घेतलं. ती मातीच्या हातानं आली, खुर्चीत बसली आणि एवढंच म्हणाली की, कोंडाळं शाळेमागं हलवा. ते हलवलं गेलं.

"माज्या मालकानं काय वाईट मनानं केलं न्हवतं," चंद्रव्वा म्हणाली. "पर त्यानं कवा घागर उचलली हुती? ज्येला ठावं न्हाय त्येला बोलाय लावायचं, आन् जिला ठावं हाय तिला च्या कराय लावायचा. ह्याला कारभार म्हनत्यात व्हय?"

मग तिनं आत हाक मारून ऋतुजाला बोलावलं आणि बाहेरच्या खुर्चीवर बसवलं. तुला उभं राहायचं आहे का, असं तिनं सरळ विचारलं.

ऋतुजा पदराचं टोक चाळवत बोलू लागली. सातवीनंतर गावातल्या नऊ मुली घरी बसल्या आहेत, कारण पुढची शाळा मंद्रूपला, ती साडेसातला भरते आणि गावात एसटी आठला येते. गाडी लवकर सोडावी म्हणून सासूबाई आणि ती मिळून दोनदा सोलापूरच्या डेपोत गेल्या होत्या. दुसऱ्या वेळी सासूबाईंना जिना चढवेना, तेव्हा वर जाऊन साहेबांशी तीच बोलली होती.

देवयानी ऐकत होती. आईच्या शेवटच्या महिन्यांतली ही गोष्ट तिला माहीतच नव्हती. आई जिन्याखाली बसून राहिली आणि तिनं वर कोणाला पाठवलं, हे ऐकताना तीन महिन्यांत पहिल्यांदाच तिचे डोळे भरून आले. तिनं ते पुसले नाहीत.

"मला उभं राहायचंय," ऋतुजा म्हणाली. "पण बिनविरोध नको. जिला उभं राहायचंय तिला राहू दे. मी मत मागायला दारोदार फिरीन, पडले तर पडले. आणि अहो, निवडून आले तर हापिसात तुमी यायचं न्हाय."

अभिमन्यूचा चेहरा उतरला. लोक हसतील मला, एवढंच तो म्हणाला.

"हसू दे की," चंद्रव्वा म्हणाली. "तुज्या बापालाबी चार म्हैने हसले. मग त्येच लोक त्याच्याकडं येऊन, बाई कवा भेटतील म्हनून इचाराय लागले."

अभिमन्यूला हसू आवरलं नाही. त्यानं आतून अर्ज आणला आणि पहिल्यांदाच बायकोच्या हातात वाचायला दिला. ऋतुजानं तो ओळ न् ओळ वाचला. संपर्काच्या रकान्यात अभिमन्यूचा मोबाइल नंबर होता. तिनं तो खोडून आपला घातला. खाडाखोड चालेल की नाही, अशी शंका तिला आली, तेव्हा अभिमन्यू स्वतःच उठला आणि म्हणाला, सकाळी मंद्रूपच्या सेवा केंद्रात जाऊन नवा भरून आणू. देवयानीनं पत्रक फाडलं, कोरा कागद घेतला आणि ऋतुजाला म्हणाली, "तू सांग, मी लिहिते."

दुसऱ्या दिवशी दुपारी कचेरीत उमेदवार म्हणून ऋतुजा आत गेली. अभिमन्यू बाहेर गाडीजवळ थांबला.

गेलेल्या मोठ्या बाईचे किस्से आपण हौसेनं सांगतो, तिच्या फोटोला हार घालतो. तेवढ्यानं तिची आठवण राहत नाही. तिच्या जागी आलेल्या बाईला स्वतःच्या तोंडानं बोलता आलं, तर राहते. तुमच्या गावात पुढच्या सभेला जाल तेव्हा बाईच्या खुर्चीवर कोण बसलंय तेवढं पाहा. तिचा नवरा बसलेला असेल तर त्याला नमस्कार करा आणि उठायला सांगा.