भिंतीतली नळी

"भिंत फोडावीच लागेल, असं विनिपेगच्या त्या दुरुस्तीवाल्यांनी स्वच्छ सांगितलंय," ग्लेन म्हणाला. "जिन्यापासून थेट वरच्या खोलीपर्यंत. आतल्या नळीचे सांधे सुटलेत म्हणे."

व्हर्ना डेरकाच दाराशी बसून बर्फाने भरलेले बूट काढत होती. तिने मान वर केली नाही. ग्लेन तिच्या उजव्या बाजूला उभा होता आणि त्या कानाने तिला दोन वर्षांपासून ऐकू येत नव्हतं. पस्तीस वर्षं केर ओढणाऱ्या मोटारींशेजारी बसून दुरुस्तीचं काम केल्यावर कान तरी किती दिवस पुरणार?

ग्लेन सासूकडे वळला. "बघितलंत? हिला मी काय बोलतोय तेही कळत नाहीये."

"तिच्या समोर येऊन बोल की," पर्लमावशी म्हणाल्या. "मला तरी तुझं कुठे सगळं कळतं?"

पर्लमावशी शहाऐंशी वर्षांच्या. छातीचा जुना विकार, त्यामुळे डॉक्टरांनी धूळ वर्ज्य केलेली. साधं झाडायचं यंत्र फिरवलं की बारीक धूळ उलट खोलीतच उडायची आणि मावशी खोकून खोकून अर्धमेल्या व्हायच्या. म्हणून या घरात १९८६ साली भिंतींच्या आतून नळ्या घातल्या होत्या. मोटार तळघरात, प्रत्येक मजल्यावर भिंतीत झाकणाचं एक तोंड. त्या तोंडाला लांब पाइप लावायचा, की केर सरळ तळघरातल्या डब्यात. या थंडीच्या सुरुवातीपासून वरच्या खोलीतली केर खेचायची ओढ मात्र जवळजवळ बंद पडली होती.

व्हर्ना उठली आणि ग्लेनच्या समोर येऊन उभी राहिली. "आता सांगा."

त्याने पुन्हा सांगितलं. शेवटी म्हणाला, "एवढा खर्च या घरात घालण्यापेक्षा वसंतात घर विकावं, आईंनी विनिपेगला आमच्याजवळच्या वृद्धाश्रमात यावं, असं आम्हाला वाटतं."

पर्लमावशी टेबलावरचा रुमाल घडी घालून पुन्हा उलगडत बसल्या.

"सांधे सुटलेत, हे त्यांनी कशावरून ठरवलं?" व्हर्नाने विचारलं.

"काम जुनं आहे म्हणून."

"नेस्टरचं काम आहे ते," मावशी म्हणाल्या. "असं कसं सुटेल?"

नेस्टर व्हर्नाचा नवरा. त्याला जाऊन नऊ वर्षं झाली, पण तिच्या गाडीवर अजून त्याचंच नाव होतं. डॉफिन गावात सगळे म्हणायचे, नेस्टरने नळ्या घातल्या. हत्यारांची पेटी उचलून ती तळघरात उतरली.

तिने मोटारीला जोडलेली मुख्य नळी सोडवली आणि उघड्या तोंडावर तळहात धरला. हात चिकटून बसला. मोटार ठणठणीत होती, गाळणीही साफ होती. नळी परत जोडून तिने तळघरातलं तोंड तपासलं. तिथे ओढ चांगली. स्वयंपाकघरात निम्मी. वरच्या खोलीत तर नुसती फुंकर. म्हणजे गडबड जिन्याच्या आसपास.

नळी नुसती तुंबली असेल तर मोटारीचा आवाज चढतो, गळत असेल तर नेहमीसारखाच राहतो. पूर्वी हे ती जिन्यावर उभी राहून सांगायची. आज तिने पेटीतून दाब मोजायचं घड्याळ काढलं आणि सगळी झाकणं घट्ट बंद करून ते लावलं. काटा जिथे जायला हवा तिथे जाईना. कुठेतरी भोक होतं.

"आवाजावरून कळत नाही का?" ग्लेनने आता मुद्दाम समोर येऊन विचारलं.

"मला नाही कळत आता," व्हर्ना म्हणाली. हे तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःच्या मुलालासुद्धा नाही.

तिने पातळ कागदाची एक पट्टी फाडली आणि जिन्याच्या भिंतीलगत एकेक पायरी चढत धरत गेली. सातव्या पायरीवर, भिंतीवरच्या लाकडी कठड्याच्या लोखंडी पकडीपाशी, पट्टी थरथरली आणि भिंतीला जाऊन चिकटली.

"हा कठडा कधी बसवला?"

"ऑक्टोबरात," ग्लेन म्हणाला. "आई जिन्यात पडल्या होत्या ना. मीच बसवला, एका दिवसात." आणि मग तो वाकून त्या पकडीकडे बघू लागला.

व्हर्नाने पकड सोडवली. एक स्क्रू चांगला तीन इंची. टोकाला केस आणि कापसाचा गोळा अडकलेला. शेजारी आणखी एक भोक, स्क्रू धरायला भिंतीत लाकूड न सापडल्याने तसंच सोडलेलं. दोन्ही नळीच्या आरपार.

तिने स्क्रू तळहातावर घेतला. हीच मंडळी नळीच्या सांध्यांना नावं ठेवत होती. खालून मावशींनी विचारलं, "सापडलं का गं?" व्हर्नाने स्क्रू ग्लेनच्या हातात ठेवला आणि करवत शोधायला वाकली.

ग्लेन दोन पायऱ्या उतरला. "माझ्याकडून झालं, आई. कठड्याचा स्क्रू नळीत गेला. सांधे ठीक आहेत."

"कठडा चांगला आहे हो पण," मावशी म्हणाल्या. "तो काढू नका."

व्हर्नाने भिंतीत वीतभर चौकोन कापला. आत पांढरी नळी दिसली आणि भोकांच्या जरा वर तिचा जुना सांधा. ग्लेनने विजेरी धरली. सांध्याभोवती डिंकाची कड एकसारखी, कुठे ओघळ नाही, तडा नाही. खाली पेन्सिलने लिहिलं होतं: व्ह. डे., १२ मार्च १९८६.

"नेस्टरचं तर 'ने' असायला हवं ना?" ग्लेन म्हणाला.

"त्याची पाठ गेली होती त्या वर्षी. तो खाली खुर्चीवर बसून नळ्या कापायचा. भिंतीत मी शिरायचे." ती नळीचा खराब तुकडा कापून काढत होती. "लोक बाईला बोलवत नसत या कामाला. म्हणून त्याचं नाव सांगायचो."

तिने नवा तुकडा बसवला, डिंक लावला, पाव फेरा फिरवून दाबून धरला. ग्लेनने पकड भिंतीतलं लाकूड शोधून चार बोटं वर हलवली, छोटे स्क्रू घेऊन. कापलेल्या चौकोनावर पांढरी पट्टी लागली.

पर्लमावशी कठडा धरून वर गेल्या. बऱ्याच दिवसांनी त्यांनी आपल्या हाताने पाइप लावला. व्हर्ना जिन्याच्या तळाशी बूट चढवायला बसली होती. तिने एक पाय नुसत्या मोज्यातच ठेवून भिंतीला तळहात टेकवला. आतून केर वेगाने खाली येत होता. मधूनच एखादा मणी किंवा बटण खडखडत तिच्या हाताखालून गेलं. ग्लेन तिची पेटी घेऊन दाराशी उभा होता. त्याने घाई केली नाही, घर विकायचा विषयही पुन्हा काढला नाही.

वर मावशी एकच खोली पुन्हा पुन्हा झाडत राहिल्या.