चाक वळेपर्यंत

"अहो, आले की पैसे! मेसेज आलाय!" बायकोने मोबाइल पार नाकाजवळ धरून पुन्हा एकदा मोठ्याने वाचला. रक्कम, तारीख, बँकेचं नाव आणि शेवटी 'जमा' हा शब्दसुद्धा. "द्या आता चावी त्यांना."

मास्तरांनी चावी मुठीतच ठेवली.

समोरच्या खुर्चीतला माणूस प्रसन्नपणे हसला. कडक इस्त्रीचा शर्ट, पायांत चकचकीत बूट, बोलणं असं की कुणी घरचाच भाचा म्हणावं. "आत्याबाईंनी वाचलं की, मास्तर. माझ्याकडून तर कधीच गेले. हा बघा फोटो." त्याने स्वतःचा मोबाइल पुढे केला. मास्तरांना हिरवट काहीतरी दिसलं, त्यापलीकडे काही नाही.

तीच तर सगळी अडचण होती. एक डोळा कामातून गेलेला. उरलेल्या डोळ्याने समोरचं दिसायचं, पण कडेचं जग पुसत चाललं होतं. पुढच्या मंगळवारी त्याची शस्त्रक्रिया ठरली होती. उरलंय तेवढं वाचेल, डॉक्टरांनी एवढंच कबूल केलं होतं. आणि त्या खर्चासाठी बावीस वर्षं जिच्यावर लोकांना शिकवलं ती ही गाडी त्यांनी मोबाइलवर विकायला काढली होती. टपावरची पाटी मागच्याच आठवड्यात उतरवली. तिच्या जागी आता चौकोनी, फिकट डाग राहिला होता.

"बाबा, तुम्ही यात पडू नका," लेक फोनवर म्हणाली होती. "गाडीही जाईल नि पैसेही. मी सुट्टी काढून येते." मास्तरांना ते लागलं होतं. निम्म्या गावाला ज्याने रस्त्यावर आणलं, त्याला स्वतःची गाडी विकता येऊ नये? "मला जमतं," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला होता. अगदी पहिल्या दिवशी एकाने फोनवर एक चौकोनी चित्र पाठवलं. पैसे हवे असतील तर ते स्कॅन करा आणि पिन टाका म्हणाला. "पैसे मला घ्यायचेत, मग पिन मी कशाला टाकू?" मास्तरांनी विचारलं, तसा पलीकडून फोन बंद. तो प्रसंग ते तीन दिवस सगळ्यांना सांगत होते.

हा मात्र तयारीचा होता. स्वतः आला. चहा प्याला. सांगितलेल्या किमतीत एका पैशाची घासाघीस केली नाही. आणि मास्तरांच्या मनात नेमकं तेच खुपत होतं. जुनी गाडी घ्यायला आलेला माणूस बॉनेट उघडत नाही? चाकावर लाथ मारून बघत नाही? त्या मानाने क्लचबाई परवडली. ही मास्तरांची जुनी विद्यार्थिनी, घरोघरी जाऊन रुग्णांची सेवा करणारी परिचारिका. क्लचवरचा पाय काही केल्या उचलायची नाही, म्हणून हे नाव. तीनदा नापास होऊन चौथ्यांदा पास झाली होती. तिने गाडी मागितली तेव्हा अर्धा तास खाली वाकून सायलेन्सर तपासला आणि वर भाव पाडला. पण तिचं कर्ज शुक्रवारी मंजूर व्हायचं होतं, आणि बायकोचा जीव मंगळवारच्या तारखेत अडकलेला.

"बँकेत जाऊ," मास्तर म्हणाले. "पासबुकात ओळ छापून आली की चावी तुमची. सह्याही तिथेच करतो."

"अहो, मेसेज आलाय ना?" बायको कळवळून म्हणाली.

"मेसेज म्हणजे इंडिकेटर गं. मी पोरांना काय शिकवलं आयुष्यभर? पुढच्याचा दिवा लुकलुकतोय म्हणून तो वळेलच असं नाही. चाक बघायचं. चाक वळलं की मग आपण निघायचं."

"झालं तुमचं सुरू!" बायकोने कपाळाला हात लावला. "माणूस दारात पैसे घेऊन उभा आणि तुम्हाला शिकवणी सुचतेय."

चकचकीत बूटवाल्याने घड्याळ पाहिलं. त्याची आई इस्पितळात होती म्हणे, त्याला तिला आणायला जायचं होतं. मास्तर जागचे हलले नाहीत. मग तो हसला. "चला, तुमच्या समाधानासाठी. पण याच गाडीने जाऊ. मी चालवतो, तेवढीच चक्करही होईल."

मास्तरांनी तेवढ्यापुरती चावी त्याला दिली आणि ते शेजारच्या सीटवर बसले. ती त्यांचीच जागा होती. पाय आपसूक जिथे जायचे तिथे गेले. त्या माणसाने जाहिरातीतली किंमत वाचली होती, फोटो पाहिले होते, पण 'शिकवणीची गाडी' ही ओळ काही वाचली नव्हती. मास्तरांच्या पायांखाली पायपुसण्याआड काय आहे, हे बघायची त्याला गरजच वाटली नाही.

बँकेच्या चौकापर्यंत तो उत्तम चालवत होता. बोलतही होता, न थांबता. चौक आला तशी त्याने बँकेच्या दिशेची खूण दिली. दिव्याची टिकटिक मास्तरांना ऐकू आली. पण चाक वळलं नाही. कडेचं त्यांना दिसत नव्हतं, तरी बावीस वर्षं त्याच सीटवर बसलेल्या पाठीला ते कळलं. गाडी सरळ, बाहेरच्या मोठ्या रस्त्याकडे निघाली होती, आणि वेग वाढत होता.

मास्तरांनी काही विचार केला नाही. दोन्ही पाय खाली गेले.

गाडी जागच्या जागी थांबली. चकचकीत बूटवाला स्टिअरिंगवर आपटता आपटता वाचला आणि खाली बघू लागला. मास्तरांच्या बाजूच्या जादा ब्रेक-क्लचबरोबर त्याच्या पायांखालचे पेडलही आपोआप दबले होते.

"बँक मागे राहिली," मास्तर म्हणाले.

"अहो, पुढून वळवणार होतो! आणि... मागच्या चाकातून कसला तरी आवाज येतोय, मास्तर. जरा उतरून बघता का?"

"या गाडीचा मागचा आवाज मला माझ्या खोकल्यासारखा पाठ आहे. तुम्ही उतरा आणि बघा."

त्याने गिअर टाकून पाहिला, ॲक्सिलरेटर दाबून पाहिला. इंजिन नुसतंच रेकलं. मागून हॉर्न सुरू झाले, दोनचार लोक वाकून बघू लागले. मास्तरांनी पाय जराही न उचलता हात लांबवला आणि चावी काढून घेतली. त्या माणसाचा चेहरा क्षणात बदलला. त्याने एक शिवी हासडली, दार उघडं टाकलं आणि तो गर्दीत शिरला. आईचं इस्पितळ विरुद्ध बाजूला होतं, पण त्याचं त्याला काही नव्हतं.

मास्तरांनी चावी पुन्हा मुठीत धरली. हातची गाडी आज गेली असती, आणि तिच्याबरोबर डोळाही. ते खरोखर घाबरले होते, आणि त्याची त्यांना लाज वाटली नाही.

वाहतूक पोलीस शिट्टी वाजवत आला. "आजोबा, गाडी हलवा की! रस्ता अडलाय सगळा."

"मला चालवायला बंदी आहे."

"कोणी घातली?"

"मीच." सहा महिन्यांपूर्वी कडेने येणारी एक सायकलस्वार मुलगी त्यांना दिसली नव्हती. ती ब्रेक लावून वाचली. त्या दिवसापासून ते स्टिअरिंगला शिवले नव्हते. त्या रिकाम्या सीटकडे त्यांनी आताही एकदा पाहिलं आणि खिशातून मोबाइल काढला.

क्लचबाई दोन गल्ल्या सोडून एका रुग्णाकडे होती. पांढऱ्या कपड्यांतच धावत आली. पोलिसांना तिने सगळं सांगितलं, तक्रार कुठे द्यायची ते विचारून घेतलं आणि स्टिअरिंगवर बसली.

"आरसा," मास्तर म्हणाले.

"बघितला हो! किती वेळा सांगाल?"

बँकेत यंत्रातून पासबुक कुरकुरत बाहेर आलं. क्लचबाईने शेवटची ओळ वाचली. ती गेल्या महिन्याच्या पेन्शनची होती. त्यानंतर कागद कोरा होता.

घरी बायको दारातच उभी होती. सगळं ऐकून ती मटकन खुर्चीत बसली. "मीच म्हणाले ना, द्या चावी म्हणून. दोनदा वाचला मी तो मेसेज."

"तू बरोबर वाचलंस," मास्तर तिच्याजवळ बसत म्हणाले. "दिवा लागलाच होता. माणूस खोटा होता, तुझं वाचणं नाही." तिने पदराने डोळे पुसले आणि ती चहा ठेवायला उठली.

शुक्रवारी क्लचबाईचं कर्ज मंजूर झालं. ती भावात एक पैसा चढली नाही, पण बँकेत मास्तरांबरोबर तासभर रांगेत बसली. पासबुकात ओळ उमटली. बायकोने ती बोट ठेवून वाचली, चष्मा पुसून परत वाचली. मग मास्तरांनी सह्या केल्या. शेजारच्या बाजूचे जादा पेडल गॅरेजवाल्याने सकाळीच काढले होते आणि वर्तमानपत्रात गुंडाळून मास्तरांच्या हातात दिले होते.

"जाऊ?" दोघांना घरी सोडून क्लचबाईने काच खाली केली.

"जा. क्लचवरून पाय उचल तेवढा."

गाडी निघाली. मास्तर फाटकाशी ते जडशीळ पुडकं छातीशी धरून उभे राहिले. गल्लीच्या टोकाला पिवळा दिवा लुकलुकायला लागला. त्यांच्या उरलेल्या डोळ्याला तेवढाच दिसत होता. कोपऱ्यावर ती जरा वेगातच होती.

मास्तरांचा उजवा पाय जमिनीवर घट्ट दाबला गेला. चाक वळून गाडी दिसेनाशी झाली, तरी तो तसाच दाबलेला होता. बायकोने दंडाला धरलं तेव्हा त्यांनी तो उचलला.